मामाजींची तहकूब सभा

लग्नाला नऊ वर्षं झाली तोवर माझं आणि माझ्या सासऱ्यांचं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "चहा ठेवला जी." "हव." "वाढू का जी?" "वाढ." यापुढे आमची गाडी कधी गेलीच नाही. ते काही रागीट नव्हते आणि मी तर मुळीच अबोल नव्हते. नागरिकशास्त्र शिकवणारी बाई अबोल राहून चालेल कसं? अड्याळच्या शाळेत दिवसभर घसा फोडायचा, स्कूटीवरून गावात यायचं, आणि घराची पायरी चढताना डोक्यावर पदर घ्यायचा की आवाज आपोआप खाली. आमच्याकडे सून सासऱ्यांशी कामापुरतंच बोलते. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो.

आमच्यातली ही कोंडी फोडली ती ब्रिटनच्या पंतप्रधानांनी. त्यांना हे कधी कळणार नाही, पण आमच्या घरावर त्यांचे उपकार आहेत.

ब्रिटननं युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवून तीन वर्षं होऊन गेली होती. पडायचं कसं, यावर मात्र त्यांचं घोडं अडलेलं. नवे पंतप्रधान आले आणि म्हणाले, ऑक्टोबर संपायच्या आत काहीही करून मी देशाला बाहेर काढतो. संसदेनं मध्ये पाय घालू नये म्हणून त्यांनी संसदच पाच आठवडे बंद करून टाकली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबरात निकाल लागला. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. बाहेर छपरीत मामाजी बातम्या पाहत बसले होते. अकरा न्यायाधीश, अकराच्या अकरा एका सुरात म्हणाले की संसद बंद करणं बेकायदा होतं, हे ऐकलं आणि माझं भान सुटलं. पिठाच्या हातांनी मी धावत छपरीत आले आणि "वा!" म्हणून ओरडले. पदर कुठे, मी कुठे.

मामाजी वळून माझ्याकडे बघतच राहिले. सासूबाईंचं लक्ष पडद्यावर होतं. निकाल वाचणाऱ्या न्यायाधीशबाईंनी काळ्या पोशाखावर खांद्याजवळ कोळ्याच्या आकाराची मोठी चमकती पिन लावली होती. सासूबाई घाबऱ्या होऊन म्हणाल्या, "अवो, त्या बाईच्या आंगावर एवढी मोठी मकडी बसली हाये, कोणी झटकून काहून नाही देत?"

मामाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. "एवढं काय झालं वो बाई?" त्यांनी मला विचारलं. माझ्या आठवणीत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून, हातावरचं पीठ खरवडत, त्यांना सगळी हकिकत सांगितली. शिक्षिकेला कुणी विचारायचाच अवकाश असतो. ऐकून घेऊन ते जरा घुश्शातच म्हणाले, "पंतप्रधान हाये ना तो? मुख्य माणूस हाये ना? मंग त्यानं सभा बंद केली तं कोर्टाच्या पोटात कायले दुखते?"

हा घुस्सा कुठून आला, ते मला ठाऊक होतं. मामाजींनी स्वतः एक सभा बंद करून ठेवली होती.

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की एकेका गावची मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, संध्याकाळी घरोघरी पाहुण्यांना वडे आणि मटणाचा रस्सा, मग मोठ्या मंडपात नाटक. सासरी गेलेल्या लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे येतात. कोणत्या गावची मंडई भाऊबीजेनंतर कितव्या दिवशी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. आमची तिसऱ्या दिवशी. मामाजी एकोणीस वर्षं मंडई समितीचे अध्यक्ष होते. मंडपाचा पहिला खांब कुठे गाडायचा, हे त्यांनी काठीनं जमिनीवर रेघ मारून दाखवल्याशिवाय कुणी पहार उचलत नसे. भातशेती आहे, धानाचा थोडा व्यापार आहे, पण तुम्ही काय करता असं कुणी विचारलं तर ते आधी "मंडईचा अध्यक्ष हावो" म्हणायचे.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या सभेत त्यांनी अचानक प्रस्ताव मांडला, की आपली मंडई तिसऱ्याऐवजी पाचव्या दिवशी घ्यायची. कारण विचारलं तर सांगेनात. लोक भडकले. पाचव्या दिवशी शेजारच्या मोठ्या गावची मंडई असते, मग आपल्याकडे कुत्रं तरी येईल का? मत घेतलं तर आपण हरतो, हे दिसताच मामाजी उठले. "सभा तहकूब. आता दिवाळीच्या तोंडावर पाहू," असं म्हणून रजिस्टर काखेत मारून घरी आले. तोवर नाटकवाल्यांना पाचव्या दिवसाचा शब्द देऊन टाकायचा, मग गाव काय करणार, असा त्यांचा बेत. साधारण त्याच सुमारास तिकडे पंतप्रधानांनी संसद बंद करायचं ठरवलं होतं. दोघांमध्ये काही पत्रव्यवहार झाला नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

आता माझी चूक सांगते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी दहावीच्या वर्गात तो समजावून सांगत होते. मुलांच्या चेहऱ्यांवर काही उमटेना. मग जिभेवर आलं ते मी बोलून गेले: "समजा, एखाद्या गावच्या मंडई समितीच्या अध्यक्षांनी आपण हरू म्हणून सभाच बंद ठेवली, तर?" वर्गात जो हशा पिकला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोरच्या बाकांवर आमच्या गावची नऊ पोरं बसली आहेत. मी खडू खाली ठेवला आणि उगाच फळा पुसत राहिले.

संध्याकाळी गावात शिरले तर हातपंपावरच्या बायांनी माझी स्कूटी अडवली. "मॅडम, विलायतच्या कोर्टानं मामाजीची सभा खोलाले सांगतलं म्हंते, खरं हाये का?" मी घरी कशी पोहोचले ते मला आठवत नाही. चहा घेऊन छपरीत गेले.

"शाळेत माह्यावर धडा घेतला म्हंते," मामाजी म्हणाले.

"तुमचं नाव नाही घेतलं जी."

"गावात मंडईच्या समित्या तरी किती हायेत?" त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकून प्यायला. मी जमीन दुभंगायची वाट पाहत उभी. मग ते म्हणाले, "बरं, पुढचं सांग. आज त्यानं राजीनामा देला का?"

राजीनामा दिला नव्हता. पंतप्रधान अमेरिकेत होते, तिथून विमानानं परत आले, उघडलेल्या संसदेत उभे राहिले आणि न्यायालयाचंच चुकलं म्हणाले. मामाजींना हे फार आवडलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शाळेतून आलं की चहा आणि पंतप्रधान हा आमचा नेम झाला. मी उभ्याची बसायला लागले, आधी उंबऱ्यावर, मग वेताच्या मोड्यावर. मामाजींना प्रत्येक गोष्ट खोलात जाऊन लागायची. विरोधात मत दिलं म्हणून पंतप्रधानांनी आपल्याच पक्षाच्या एकवीस जणांना बाहेर काढलं होतं, हे ऐकून ते म्हणाले, "एकवीस! आमच्या समितीत तं पुरे तेराच लोक हायेत." पंतप्रधानांचा सख्खा भाऊही मंत्रिपद सोडून गेला, हे ऐकल्यावर मात्र ते गंभीर झाले. "सख्खा? बापा बापा." बहुमत गेलेलं, म्हणून पंतप्रधान म्हणत होते निवडणूक घ्या, तर विरोधक निवडणूकही देईनात. "म्हंजे पाडतही नाहीत आन् सोडतही नाहीत," मामाजी म्हणाले. "कुस्तीत मानगूट धरून ठेवल्यासारखं झालं हे." इकडे आपल्या विधानसभेचा प्रचार रंगात आला होता. भोंग्यांच्या गाड्या दारावरून जायच्या आणि मामाजी छपरीतूनच हात हलवायचे, "अरे, जरा हळू गा! इकडचं ऐकू द्या."

मला त्या दिवसांत फार मजा वाटत होती. लाजही वाटत होती, कारण मामाजी एकेक गोष्ट स्वतःच्या बाजूनं ऐकत होते आणि मी सांगताना त्यांच्या विरुद्ध बाजूची होते. एकदा त्यांनी विचारलं, "पण कोर्टानं नेमकं काय म्हटलं?" मी म्हटलं, "मामाजी, अधिकार नाही असं नाही म्हटलं. एवढे दिवस सभेचं काम अडवायचं असंल तं तसंच मजबूत कारण पायजे, आन् तसं कारण कोणी सांगतलंच नाही, असं म्हटलं." त्यावर ते जेवायला वाढ म्हणाले.

दसऱ्यानंतर समितीचे सचिव घरी आले. त्यांचं किराणा दुकान आहे. मामाजींचे शाळेपासूनचे सोबती आणि तितकेच जुने विरोधक. त्यांच्या हातात एक कागद होता, त्यावर अर्ध्या गावाच्या सह्या आणि आमच्या बचत गटातल्या बहुतेक बायांचे अंगठे. सभा घ्या, नाहीतर अध्यक्ष बदला. मामाजींनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला. सचिव गेल्यावर मला म्हणाले, "सभेत हारलो तं खुर्ची गेली समज." आवाज साधा होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. एकोणीस वर्षं सांभाळलेली खुर्ची, आणि ती हलवायला पहिला धक्का माझ्या वर्गातून गेला होता. मला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

सभा रविवारी दुपारी मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. एवढी गर्दी विधानसभेच्या उमेदवारालाही मिळाली नव्हती. बाया एका बाजूला, मी त्यांच्यात मागे, पदर कपाळापर्यंत. अर्धा तास नुसता गोंधळ. मग सचिव उठले आणि गोड आवाजात म्हणाले, "आपल्या गावात जाणकार माणूस असताना आपण कायले भांडून राहिलो? मॅडम, विलायतच्या कोर्टानं काय म्हटलं, जरा सांगा ना."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. सचिवांचा मला भयंकर राग आला. माझ्या तोंडून मामाजींना पाडायचं, हा त्यांचा डाव मला दिसत होता. पण वर्गात रोज पोरांना "खरं ते उभं राहून बोला" म्हणणारी मी; आता बसून कशी राहणार? मी उठले. मामाजींकडे तोंड करून म्हणाले, "मामाजी, अध्यक्षाले सभा थांबवायचा अधिकार हाये. पण कारण सांगा लागते. तुमी कारण सांगा जी."

नऊ वर्षांत मी गावासमोर त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मामाजींनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. "कारण हाये," ते म्हणाले. "पण सांगत नाही."

मग काय, हात वर करायला सांगितले. तारीख तिसऱ्या दिवसाचीच राहावी, म्हणणाऱ्यांचे हात मोजायची गरजच पडली नाही. माझाही हात वर होता, आणि बाजूला पाहते तर सासूबाईंचाही. मामाजींनी आमच्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "त्याचा तं एक भाऊच गेला होता. माही तं बायको आन् सून, दोघी गेल्या!" सगळं गाव हसलं, आणि त्या हसण्यात खुर्ची वाचली. आता अध्यक्ष बदला म्हणायला कुणाची जीभ रेटेना. सचिवांनी तोंड उघडून पाहिलं, पण त्यांच्या बायकोनंच त्यांना खाली बसवलं. मामाजी उठून म्हणाले, "राजीनामा देत नाही. तिकडे त्यानंही नाही देला." पुन्हा हशा.

घरी मात्र ते चार दिवस चहाला "हव" एवढंच म्हणाले. बोलायला लागून पुन्हा गप्प होणं हे कधीच न बोलण्यापेक्षा वाईट असतं, हे मला तेव्हा कळलं. मग दिवाळीच्या आठवडाभर आधी बातमी आली. पंतप्रधानांना युरोपकडे मुदतवाढ मागणं कायद्यानं भाग पडलं होतं. त्यांनी मागितली, पण पत्रावर सहीच केली नाही. सोबत दुसरं पत्र जोडलं, त्यात मुदतवाढ नको असं लिहिलं, आणि त्यावर ठसठशीत सही. मी हे भीत भीत सांगितलं. मामाजी आधी गालात हसले, मग खोकला लागेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, "कागद-पेन आण."

वडशाच्या नाटक मंडळीच्या मालकांना त्यांनी पाचव्या दिवसाचा शब्द दिला होता, तो आता मागे घ्यायचा होता. फोनवर काम झालं असतं. पण नाही. पहिलं पत्र त्यांनी मला सांगून लिहवून घेतलं: समितीच्या ठरावाप्रमाणे नाटक तिसऱ्या दिवशीच करावे. मी सहीसाठी पेन पुढे केला तर मामाजींनी नकारार्थी मान हलवली. "आता दुसरं घे. लिही. राम राम विशेष. वरची तारीख गावाची हाये, माही नाही. मी पाचवा दिवस मागितला, त्याचं कारण असं, का माही एकच पोरगी सिहोऱ्याच्या बाजूनं देली हाये."

मी लिहीत होते.

"तिच्या सासरची मंडई बी तिसऱ्याच दिवशी राहते. त्या दिवशी त्या घरची सून घर सोडून कशी येईल? बारा वर्षं झाली, आपल्या गावचं नाटक तिनं पाहिलं नाही. लहान होती तं दुपारीच अंथराले बोरा घेऊन मंडपात जागा धराले जाऊन बसे. कोणी उठवाले गेलं तं म्हणे, अध्यक्षाची पोरगी हावो. आता..." ते थांबले. "आता लिही, कळावे. आन् आण इकडं, सही करतो."

त्यांनी सही केली, ठसठशीत. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "मले तरी सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "मी हात खाली ठेवला असता."

"म्हणूनच नाही सांगतलं," मामाजी म्हणाले. "माह्या पोरीपाई साऱ्या गावाच्या पोरीयचा दिवस बदलवाचा? हे सभेत सांगाचं कसं? तिकडच्या त्या माणसाजवळ कारण नव्हतं. माह्याजवळ होतं, पण ते सांगासारखं नव्हतं."

मला रडू फुटलं. कागदावर पडू नये म्हणून मी पॅड बाजूला धरलं. मामाजींना सुनेचं रडणं पाहायची सवय नव्हती. ते गडबडले आणि विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "तुह्या माहेरी, कारध्याले, मंडई कितव्या दिवशी राहते वो?"

"तिसऱ्या," मी म्हटलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "आपल्याच दिवशी?"

"हव जी."

"म्हंजे नऊ वर्षं?"

मी मान डोलावली. यात कुणाचं काही चुकलं असं मला तोवर वाटलंच नव्हतं. मंडईच्या दिवशी मी इथे चुलीपुढे वडे तळत असते. पाहुणे असतात, तळावेच लागतात. मामाजी उठले. पत्रं पाकिटात घालून स्वतःच अड्याळच्या पोस्टात टाकून आले.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. ठरलेली ऑक्टोबरअखेर आली आणि ब्रिटन काही बाहेर पडलं नाही. मामाजींनी मला ते बातम्यांच्या आधी सांगितलं, इतके ते तयार झाले होते. मंडईच्या दिवशी सकाळी मी पिठाची परात ओढली तर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिथे ते कधी येत नसत. "ते ठेव," ते म्हणाले. "वडे आज बुढी करल, मी पाहुण्यायले वाढीन. दहाची बस हाये. तू कारध्याले जा, मंडई पाह्य, उद्या ये."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी परात माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "जा ना वो, बस जाईल. अध्यक्षाचा आदेश हाये, याच्यावर कोर्ट नाही."

कारध्याला पोहोचले तेव्हा बाबा अंगणात पाहुण्यांसाठी खाटा मांडत होते. मला एकटीला, पिशवी घेऊन, मंडईच्या दिवशी फाटकात पाहून त्यांच्या हातातली खाट तिथेच राहिली. "काय झालं? काहून आली वो? भांडण झालं का घरी?"

"नाही बाबा. मंडईले आली."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून माझ्या सासऱ्यांना लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हव जी... हव, पोहोचली... नाही, चांगली हाये जी... असं काय... हव, हव." मग थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता खाटेची दोरी ओढत बसले.

"काय म्हणाले मामाजी?" मी विचारलं.

"मी विचारलं, तुमची पोरगी आली का मंडईले," बाबा म्हणाले. "तं म्हंते, नाही आली जी. म्हणून तं तुमची धाडली."